काका झटपट, मामा अवघड

२५ जुलै १८८८. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक सामना रंगला. ना घोडे, ना पहिलवान. दोन टायपिस्ट, दोन यंत्रं आणि पाचशे डॉलरची पैज. लुई ट्रॉबकडे कॅलिग्राफ होतं, त्यावर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांना वेगवेगळ्या कळा. फ्रँक मॅकगरिन सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टात शॉर्टहँड घेणारा, त्याच्याकडे रेमिंग्टन. एकदा ऐकून टाइप करायचं, एकदा कागद बघून. मॅकगरिनने ट्रॉबला सरळसरळ धूळ चारली. श्रेय निव्वळ यंत्राचं नव्हतं. या गड्याने अख्खा कीबोर्ड पाठ केला होता. त्याची नजर कागदावर, ट्रॉबची कागद-कळा, कागद-कळा अशी येरझाऱ्या घालणारी. टायपिंगचा वेग बोटांच्या चपळाईपेक्षा न थांबण्यात असतो, हे त्या दिवशी भर सभेत सिद्ध झालं.

गंमत म्हणजे सगळी बोटं वापरा, असा धडा त्याच गावातल्या एलिझाबेथ लाँगली या बाईंनी सहा वर्षं आधीच, १८८२ मध्ये, छापून दिला होता. पण बाईंच्या नावावर ना पैज, ना बातमी. त्यामुळे नाव झालं मॅकगरिनचं.

आंधळी यंत्रं

सुरुवातीच्या रेमिंग्टनवर अक्षर कागदाच्या खालच्या बाजूने आपटायचं. म्हणजे आपण काय टाइप करतोय ते टायपिस्टला दिसायचंच नाही. बघायचं तर कॅरेज उचला. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या मॉडेलवर तर फक्त कॅपिटल अक्षरं होती. शिफ्टची कळ आली १८७८ च्या मॉडेलमध्ये. पुढे बऱ्याच टाइपरायटरवर १ या आकड्याला कळच नसायची, इंग्रजी स्मॉल एल दाबून काम भागायचं. उद्गारचिन्ह हवं? वरचा स्वल्पविराम मारा, बॅकस्पेसने मागे या, खाली टिंब द्या. एका आश्चर्यासाठी तीन ठोके. आजच्या व्हॉट्सॲपवर ही अट लावली, तर निम्मी आश्चर्यं आपोआप ओसरतील.

बोटांना ठाऊक, मालकाला नाही

तुम्ही रोज टाइप करता ना? मग डोळे मिटून सांगा, इंग्रजी कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडून चौथं अक्षर कोणतं? बोट आपोआप हललं असेल, पण तोंडातून उत्तर लवकर निघालं नसेल. यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभर जणांना बसवलं. हे लोक सरासरी मिनिटाला ७२ शब्द, ९४ टक्के अचूक टाइप करत होते. मग त्यांच्यापुढे कोरा कीबोर्ड छापलेला कागद ठेवला आणि अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ अक्षरं जागेवर बसली, बस्स.

त्याच विद्यापीठातला २०१० मधला प्रयोग याहून भारी आहे. टायपिस्टने चूक केली की संगणक पडद्यावर ती गुपचूप दुरुस्त करायचा, आणि कधी बरोबर टाइप केलेल्या शब्दात मुद्दाम चूक घुसवायचा. माणसं पडद्यावर विश्वास ठेवून फसली. दुरुस्त झालेल्याचं श्रेय घेतलं, घुसवलेल्या चुकीचा दोष पत्करला. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढचा ठोका किंचित मंदावायचा, खोट्या चुकीवर नाही. थोडक्यात, डोकं पडद्याचं ऐकतं आणि बोटांचा हिशेब वेगळा चालतो. शिकताना कीबोर्डवर कापड का टाकायचं, याचं इतकं चोख कारण दुसरं सापडणार नाही. डोळ्यांनी मदत करायची ठरवली, तर बोटं शिकायचीच थांबतात.

चाळीस चुका, चारशे शब्द

इंग्रजी टायपिंगमध्ये 'शब्द' म्हणजे पाच ठोके, स्पेस धरून. मिनिटाला ४० शब्द म्हणजे २०० ठोके, सेकंदाला तीनाहून थोडे जास्त. ऐकायला किरकोळ, करून बघा.

जुन्या स्पर्धांचा नियम कडक होता. एका चुकीला दहा शब्द वजा. १९२३ मध्ये अल्बर्ट टँगोराने साध्या अंडरवुड यंत्रावर, विजेशिवाय, सलग तासभर मिनिटाला १४७ शब्द काढले, तेही ही वजाबाकी करून. १९४१ मध्ये ब्रुकलिनच्या मार्गारेट हॅमाने आयबीएमच्या विजेवरच्या यंत्रावर तासाभरात ९,३१६ शब्द बडवले. चुका ४०. म्हणजे चारशे शब्द गेले, उरले ८,९१६. भागिले साठ, साधारण १४९. सबंध तास, सेकंदाला बारा ठोके! आणि चुका किती? दीडेक मिनिटाला एक. शिकाऊ माणसाला वेगाचं कौतुक वाटतं. मला या दुसऱ्या आकड्याचं जास्त वाटतं.

आज दंड शब्दांत भरावा लागत नाही म्हणून आपल्याला चूक फुकट वाटते. हिशेब करा: चुकीचा ठोका एक, बॅकस्पेस दोन, बरोबर ठोका तीन. एकाच्या जागी तीन, आणि तेही चूक लगेच कळली तर. दोन अक्षरं पुढे गेल्यावर कळली तर तीही पुसून पुन्हा लिहायची. म्हणून क्लासमधले सर 'हळू मार, पण बरोबर मार' असं ओरडायचे ते अगदी हिशेबाला धरून होतं. चुका घटल्या की वेग आपसूक चढतो. आधी वेग गाठून मग चुका कमी करू म्हणणारे बहुतेक दोन्हींकडून राहतात.

चुकांवर चार कोटी पंचाहत्तर लाख

चुकांचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो बेट नेस्मिथ ग्रॅहम यांना. अमेरिकेत डॅलसच्या एका बँकेत सेक्रेटरी, टायपिंग यथातथा. विजेवरच्या नव्या टाइपरायटरची रिबन अशी, की खोडरबर घासलं की डाग पसरायचा. बाईंनी पाहिलं, की काचेवर चित्र रंगवणारे कलाकार चूक पुसत बसत नाहीत, वरून रंग मारतात. मग काय, पांढरा रंग बाटलीत भरला, सोबत बारीक ब्रश, आणि १९५६ पासून स्वयंपाकघरात घुसळलेलं मिश्रण मैत्रिणींना विकायला सुरुवात. पुढे एका पत्रावर नोकरीच्या कंपनीऐवजी स्वतःच्याच कंपनीचं नाव टाइप झालं आणि नोकरी गेली. ही चूक व्हाइटनरनेही झाकली नसती! लिक्विड पेपर ही त्यांची कंपनी १९७९ मध्ये जिलेटने ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली. मुलगा मायकल हा तिकडच्या मंकीज या गाजलेल्या बँडमधला गायक.

क्वर्टीवर आळ

टायपिस्टांचा वेग कमी व्हावा म्हणून क्वर्टी कीबोर्ड मुद्दाम वेडावाकडा केला, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. मला ती पटत नाही. १८७० च्या दशकात हे यंत्रच नवं होतं. वेगाने टाइप करणारं कोणी नव्हतंच, मग ब्रेक लावायचा कोणाला? अक्षरं आपटणाऱ्या शेजारच्या दांड्या अडकू नयेत म्हणून जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली म्हणावं, तर इंग्रजीत सतत एकत्र येणारी ई आणि आर ही अक्षरं शेजारी-शेजारी नांदतायत. बाकी 'टाइपरायटर' हा इंग्रजी शब्द सगळाच्या सगळा वरच्या एका ओळीत टाइप होतो, आणि 'स्ट्युअर्डेसेस' हा बारा अक्षरी शब्द एकट्या डाव्या हाताने.

क्वर्टीचा खरा गुन्हा वेगळा आहे. उजव्या तर्जनीखाली, म्हणजे सगळ्यात मोक्याच्या जागी, इंग्रजीत फारसं न लागणारं 'जे' हे अक्षर बसलंय. करंगळीखाली तर नुसता अर्धविराम. ऑगस्ट ड्वोराक या प्राध्यापकाने १९३६ मध्ये पेटंट घेऊन वेगळी मांडणी आणली: स्वर सगळे डाव्या हाताखाली मधल्या ओळीत, म्हणजे हात आलटून-पालटून चालतात. बार्बरा ब्लॅकबर्न या बाई याच मांडणीवर सलग ५० मिनिटं १५० च्या वेगाने टाइप करून गिनीज बुकात गेल्या. शाळेत त्या टायपिंगमध्ये नापास झाल्या होत्या. ड्वोराक खरोखर किती सरस, यावर पंडितांचं अजून भांडण आहे. जग मात्र क्वर्टीवरच राहिलं.

म्हातारी बोटं, लांबची नजर

टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये तरुण आणि वयस्क टायपिस्ट तपासले. वय वाढलं तशी प्रतिक्रिया मंदावलेली, बोटांची टकटकही हळू. टायपिंगचा वेग मात्र जवळपास तोच! कारण मुरलेली मंडळी टाइप होत असलेल्या अक्षराच्या बरीच पुढे वाचत होती. पुढचं आधीच दिसलं की घाई करावी लागत नाही.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार लोकांचे १३ कोटी ६० लाख ठोके मोजले. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द. वेगवान लोकांची खूण अशी, की एक कळ सुटायच्या आत ते दुसरी दाबतात. त्याआधीच्या त्यांच्याच छोट्या अभ्यासात क्लास न केलेली, सरासरी सहा बोटांनी टाइप करणारी काही माणसं दहा बोटांवाल्यांच्या बरोबरीने धावली. त्यांचं गुपित काय, तर हात कमी हलवणं आणि ठरलेल्या अक्षराला ठरलेलंच बोट. फरक एवढाच, की त्यांची नजर कळांवर जास्त वेळ जायची. सहा बोटांनी भागत असेल तर भागवा, पण रोज बोटं बदलू नका.

आता आपलं

भारतीय बनावटीचा टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये काढला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. महाराष्ट्रात टाइपरायटरवरची शेवटची सरकारी परीक्षा झाली ऑगस्ट २०१७ मध्ये; नंतर सगळं संगणकावर. नियम मात्र जुनाच: लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० श.प्र.मि. (शब्द प्रति मिनिट) चं प्रमाणपत्र आणा. या 'श.प्र.मि.' पायी उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेलेले लोक गावोगावी सापडतील.

मराठीसाठी सरकारने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली. बरेच जण ती न शिकता रोमनमध्ये 'kay' च्या धर्तीवर बडवतात आणि यंत्र देईल ते मराठी गोड मानून घेतात. माझ्या मते हा घाट्याचा सौदा आहे, कारण इनस्क्रिप्ट फार शहाणी आहे. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे बोलतो तशी नंतर. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच. फक्त शिफ्टचा फरक. आणि क्वर्टीत 'जे' हे अक्षर जिथे फुकट बसलंय, त्या मोक्याच्या कळेवर इथे र. अर्धविरामाच्या जागी च.

बोटं जिथे टेकवायची त्या मधल्या ओळीत काय काय होतं बघा: कुरकुर, किरकिर, पिरपिर, किचकिच, चिकचिक. मराठी माणसाचा तक्रारीचा अख्खा साठा, बोट न उचलता! अडखळत का होईना, याच ओळीत पूर्ण वाक्यही बसतं: 'एक कुत्रे परत परत खोके उचकटते'. पूर्णविराम तेवढा खालच्या ओळीतून आणायचा. त्यातला 'कुत्रे' हा शब्द तर आदर्श: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. 'चित्रे' आडनावाचंही तसंच.

नात्यांत मात्र पक्षपात आहे. 'काका' टाइप करताना हात आलटून-पालटून चालतात. 'बाबा' आणि 'दादा'चंही तेच. 'मामा' घ्या: म खालच्या ओळीत, काना वरच्या ओळीत, आणि दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या वाट्याला. बाकी नऊ बोटं स्वस्थ, आणि ते एकटं खाली-वर, खाली-वर. 'मामी' आली की शेवटच्या वेलांटीला निदान तर्जनी धावून येते.

पण मामांपेक्षा मोठा छळ 'आणि'चा. मराठीत हा शब्द टाळता येत नाही. आ साठी शिफ्ट धरून मधलं बोट वरच्या ओळीत, ण साठी शिफ्ट तशीच ठेवून तेच बोट खालच्या ओळीत, मग शिफ्ट सोडून वेलांटी. पानभर मजकुरात हा व्यायाम किती वेळा होतो, ते मोजून बघा. परीक्षेत दिलेला उतारा जसाच्या तसा उतरवावा लागतो, तिथे सुटका नाही. स्वतःचं लिहिताना घाई असेल तर सरळ 'व' लिहा. एकच कळ, तीही शिफ्टशिवाय.