पावणेदोनाची गोष्ट

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोन आया शेजारी उभ्या राहिल्या, की ताटात पुरणपोळी पडेपर्यंत विषय मुलांच्या गणितावर आलेला असतो. "इथे पाढे पाठच करून घेत नाहीत." "एका वजाबाकीला चार चित्रं कशाला काढायची?" "आम्ही चौथीत तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचो." हे शेवटचं वाक्य बहुधा मागे उभ्या असलेल्या काकांचं असतं.

इंग्लंडला येण्यापूर्वी सहा वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवत होते. आता घर, दोन मुलं आणि रविवारचा मराठी वर्ग सांभाळते. त्यामुळे वह्या दोन्हीकडच्या पाहिल्या आहेत, आणि या रांगेतल्या गप्पांबद्दल थोडं बोलावंसं वाटतं.

पाढ्यांची तक्रार तर खरी नाही. इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत २०२२ पासून इयर फोरला पाढ्यांची चाचणी सक्तीची आहे. बारापर्यंतचे पाढे, संगणकावर २५ प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला सहा सेकंद! म्हणजे पाठांतर इथेही लागतंच. पण २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी मागितल्या आहेत. मुलाला कारण सांगता आलं पाहिजे आणि नवीन प्रश्न सोडवता आला पाहिजे. ती चित्रं असतात कारणासाठी.

एक साधी वजाबाकी घ्या, ५२ वजा २७. सांगलीत आणि इथे, दोन्हीकडच्या वह्यांत मी याचं ३५ हे उत्तर पाहिलं आहे. दोनातून सात जात नाहीत ना, मग मूल सातातून दोन काढतं आणि मोकळं होतं. आपण त्याला शिकवतो, "पाचाकडून एक उसना घे." आता विचार करा, उसना आणलेला कधी परत करायचा? पाचाकडून एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला हवेत, बारा कसे झाले? हुशार मूल हा प्रश्न मनातच ठेवतं आणि सांगितलं तसं करतं. उत्तर बरोबर येतं, गुण मिळतात, प्रश्न तसाच राहतो.

खरं तर इथे कोणी उसनं घेतच नाही. आपण नोट मोडतो. पाच दहाच्या नोटा आणि दोन सुटी नाणी आहेत, २७ द्यायचे आहेत. दहाची एक नोट मोडली, सुटे झाले बारा. पैसे तितकेच राहिले, फक्त रूप बदललं. "नोट मोडणं" आणि "सुटे करणं" हे शब्द आपल्या घरातलेच आहेत. इथल्या पौंड-पेन्सवरही ते तसेच चालतात. वाण्याची पद्धत आणखी वेगळी. तो वजाबाकी करतच नाही. सत्तावीसाला तीन दिले, तीस झाले. वीस दिले, पन्नास झाले. वर दोन, बावन्न. तीन, वीस आणि दोन, पंचवीस. तीन वाटांनी एकाच उत्तराला पोहोचणारं मूल आणि एकच वाट पाठ असलेलं मूल यांत मोठा फरक असतो. वाट चुकली तर पहिलं मूल परत फिरू शकतं.

संख्यांच्या नावांतही गंमत आहे. आपण म्हणताना "सत्तावीस" म्हणतो, म्हणजे सात आधी. लिहिताना मात्र दोन आधी. इंग्रजीत विसाच्या पुढे म्हणणं आणि लिहिणं एकाच क्रमाने चालतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. त्यांचा हेतू मराठी बिघडवण्याचा नव्हता, लहान मुलाची अडचण दूर करण्याचा होता. आपली मुलं दोन्ही क्रम रोज वापरतात. त्यांच्याशी यावर मोकळं बोललं तर तोच स्थानिक किमतीचा धडा होतो. वर "एकोणतीस" म्हणजे तिसाला एक कमी हे सांगून पाहा. २९ गुणिले ६ मग तोंडी होतं. तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा गेले, एकशे चौऱ्याहत्तर.

पाढ्यांचंही तसंच. ते पाठ हवेतच, त्यात मला शंका नाही. पण "साती आठी छप्पन्न" ऐन वेळी आठवलं नाही तर काय? ठिपक्यांच्या रांगोळीकडे बघा. आठ ओळी, प्रत्येकीत सात ठिपके. पाचव्या ओळीखाली बोटाने रेघ ओढा. वर सात पाचा पस्तीस, खाली सात त्रिक एकवीस. झाले छप्पन्न. रांगोळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा, आता सात ओळी आणि आठ ठिपके, म्हणजे आठ साते पण तितकेच. पाठांतर विसरलं तर कुठे जायचं, हे मुलाला ठाऊक असलं पाहिजे.

हे सगळं मी एवढ्या कळकळीने का लिहिते आहे? रविवारच्या वर्गातल्या एका मुलीमुळे. पाढ्यांत तिचे पंचवीसपैकी पंचवीस. इयर फाइव्हमध्ये अपूर्णांकांचा जोर वाढला आणि पोर गप्प झाली. एकदा वही मिटून मला म्हणाली, "काकू, आय ॲम नॉट अ मॅथ्स पर्सन." वय वर्षं दहा. त्या वयात स्वतःवर असा शिक्का मारून घेतलेलं मूल पुढे दारंच बंद करत जातं, हे मी शिक्षिका म्हणून पाहिलेलं आहे. तिला गणित येत नव्हतं असं नाही. तोपर्यंत पाठांतराने निभावलं होतं, आणि अपूर्णांक पाठांतराला दाद देत नाहीत.

याच अपूर्णांकांवर लिपिंग मा या चिनी बाईंनी केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शांघायहून खेड्यात पाठवलं गेलं, तिथे त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९९९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांची तुलना केली. एक प्रश्न असा होता: पावणेदोन भागिले अर्धा किती? आणि या गणितासाठी एक गोष्ट रचा. चिनी शिक्षकांनी उत्तर अचूक काढलं आणि बहुतेकांना गोष्टही रचता आली. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी शिक्षकांचं उत्तर बरोबर आलं, आणि बरोबर गोष्ट जेमतेम एकाला जमली. मजा म्हणजे शिक्षणाची वर्षं चिनी शिक्षकांचीच कमी होती. आपल्या मंडळात घरटी एक इंजिनिअर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. "उलटा करून गुणा" सगळ्यांना येतं. गोष्ट येते का?

त्या मुलीला मी स्वयंपाकघरात नेलं. चकलीची भाजणी पावणेदोन किलो. अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या. किती होतील? तिने भरल्या. तीन पिशव्या झाल्या आणि पाव किलो भाजणी उरली. "सव्वातीन," ती म्हणाली. मी विचारलं, "उरलेला पाव कशाचा? किलोचा की पिशवीचा?" ती बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली. मग चेहरा उजळला. "पाव किलो म्हणजे अर्धी पिशवी! साडेतीन!" भागाकार करून उत्तर मोठं का आलं, हेही मग तिनेच मला समजावलं.

एक सावधगिरी. बरीच मुलं, आणि मोठीही, अशी गोष्ट रचतात: "पावणेदोन लाडू दोघांत वाटले." तो दोनाने भागाकार झाला, अर्ध्याने नाही. चूक सापडली की ती खोडू नका, "म्हणजे प्रत्येकाला किती?" एवढंच विचारा. मूल स्वतःच थांबतं.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी तर फार श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ केलेली. माझे सासरे सुट्टीत इथे येतात तेव्हा अजूनही भाजीचं बिल कागदाविना करतात. नात विचारते, "आजोबा, कसं केलंत?" आणि ते पहिल्यांदाच थांबून विचार करतात, की आपण हे करतो कसं! मला तो क्षण फार आवडतो. आजोबांचं पाठांतर आणि नातीचं "का" एकाच टेबलावर येतात. "पावणेदोन" म्हणजे दोनाला पाव कमी, हे तिला घड्याळातल्या "क्वार्टर टू टू"मुळे आधीच कळलेलं असतं.

तेव्हा शाळेची चित्रं मुलांना खुशाल काढू द्या. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे, हा क्रम जेरोम ब्रूनर यांच्या विचारांतून आला आणि सिंगापूरने १९८० च्या दशकात तो आपल्या शाळांत रुजवला. घरी आपण वेगळी पद्धत शिकवली तरी बिघडत नाही, दोन्ही पद्धती एकाच उत्तराला का पोहोचतात एवढं मुलाला विचारायचं. उत्तर बरोबर आलं तरी "कसं केलंस?" विचारा, नाहीतर तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण असं मुलांना वाटू लागतं.

साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त म्हणजे दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी फराळाच्या ताटावर मुलांना एवढंच विचारा: तीन पूर्ण आणि हा एक अर्धा, मग आपण "साडेतीन" का म्हणतो? आणि साडेतीन उत्तर येईल अशी एक गोष्ट रचून दाखव बघू. दिवाळीच्या तुम्हां सर्वांना खूप शुभेच्छा!