धारेत दगड धरून राहणारा मल्या

नर्मदेवरच्या भेडाघाटला गेलेला माणूस आधी धुआंधार धबधब्याच्या तुषारांत भिजतो, मग नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून फिरतो. नावाडी यमकं जुळवत एकेक कडा दाखवत असतो, त्यामुळे नजर वरच खिळलेली. पाण्यातल्या दगडांकडे कुणी ढुंकून बघत नाही.

हा संगमरवर मुळात समुद्रतळाशी साचलेला चुना, तोही प्रवाळ जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. प्रवाळातले चिमुकले मासे चुन्याच्याच कपारींत दडून शत्रूला चुकवतात. नर्मदेच्या धावत्या पाण्यात लहान माशाला आणखी एक घोर असतो: वाहून जाण्याचा.

गारा या प्रजातीच्या माशांनी तो मिटवला आहे. त्यातला मल्या नर्मदेतही आहे आणि आपल्या भीमा-कृष्णेतही. कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनचे मासे नोंदवताना त्याचं शास्त्रीय नावही ‘मल्या’ या स्थानिक नावावरूनच ठेवलं. मासा बोटभर ते वीतभर, रंगाने शेवाळी दगडासारखा. उलटा केला की खरी गंमत दिसते. तोंड खालच्या बाजूला, आणि खालच्या ओठामागे मांसल, गोल चकती. दगडाला टेकली की चोखणीचं काम करते. पोट सपाट, छातीचे पर आडवे पसरलेले. दगडाला अगदी लागून पाण्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. चपटा मासा त्या संथ थराच्या जितका जवळ, तितका धारेचा मार कमी. तिथेच चिकटून तो शेवाळ खरवडून खातो. मॉलमधल्या टाकीत पायांची मेलेली कातडी कुरतडणारे मासे त्याचेच पश्चिम आशियाई भाऊबंद. तिथे शेवाळ नाही, म्हणून पाय!

सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी आयुष्याचा मोठा भाग अशा माशांना दिला. आसामकडचे आणि सह्याद्रीतले डोंगरी मासे इतके सारखे कसे? 1940च्या दशकात त्यांनी उत्तर मांडलं: विंध्य-सातपुड्याच्या रांगेतल्या ओढ्यांमधून ते पश्चिमेकडे सरकत आले. म्हणजे नर्मदेचं खोरं या वाटेला लागूनच. पुढे डीएनए अभ्यासांनी या उपपत्तीला बरेच धक्के दिले. सगळे मासे एका काळात, एकाच वाटेने आलेले दिसत नाहीत. तरी मला होरांचा प्रश्न त्यांच्या उत्तराहून मोठा वाटतो.

मल्याला लागतो स्वच्छ दगड आणि वाहतं पाणी. वरच्या अंगाला बरगीच्या जलाशयात पाणी तुंबलं, तिथे चकतीचा उपयोग संपला. वाळूउपशाने उठलेला गाळ दगडांवर बसला, की शेवाळही जातं आणि चोखणीची पकडही.