‘नॅचरल’ म्हटलं आणि पंचाईत झाली!

फर्स्ट इयरची गोष्ट. फिटिंग शॉपमध्ये आम्ही सगळ्या घामाघूम, आणि माझ्या रूममेटच्या जॉबला ट्राय स्क्वेअर लावला तर फटीतून जराही उजेड दिसेना! मी पडले कॉन्व्हेंटवाली, कौतुक इंग्लिशमध्येच सुचतं. म्हटलं, “यू आर अ नॅचरल!” अर्थ विचारून ती गप्पच झाली. रात्री म्हणाली, “अगं, आठवीपासून दर सुट्टीत बाबांच्या वर्कशॉपमध्ये कानस घासलीय मी. आणि तू म्हणतेस, जन्मतःच येत होतं!” (कानस म्हणजे फाइल, हे मला त्या रात्री कळलं.)

तेव्हापासून असे वाक्प्रचार मी जरा तपासूनच वापरते. बऱ्याच वाक्प्रचारांत कष्टांचा हिशेबच नसतो. झाडं छान वाढवणाऱ्याची ब्रिटनमध्ये बोटं हिरवी, ‘ग्रीन फिंगर्स’. अमेरिकेत नुसता अंगठा, ‘ग्रीन थंब’. रोज पाणी कोण घालतं, हे कुणी विचारत नाही. ‘गिफ्ट ऑफ द गॅब’ म्हणजे बोलण्याची देणगी. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या ब्लार्नी किल्ल्यातल्या एका दगडाचं चुंबन घेतलं की अशी वाणी मिळते म्हणे. व्हायव्हाच्या आधी ट्रिप काढायला हरकत नाही!

खरी गंमत ‘टॅलेंट’ची. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तराजू, वजन. पुढे तेवढ्या वजनाची चांदी, म्हणजे चक्क पैसा. बायबलमध्ये मॅथ्यूच्या २५व्या अध्यायात गोष्ट आहे. मालक परगावी जाताना तीन नोकरांना ५, २ आणि १ टॅलेंट देतो. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात. तिसरा घाबरून जमिनीत पुरून ठेवतो. मालक परतल्यावर त्याचं काढून पहिल्यालाच देतो. या गोष्टीवरून इंग्लिशमध्ये टॅलेंट म्हणजे अंगचा गुण झाला. शाळेत ऐकताना मला तिसऱ्याची दया यायची. बिचाऱ्याने पैसे उडवले तर नव्हते! पण गोष्टीतली शाबासकी मिळते ती खटपटीला. आपण शब्द उचलला आणि खटपट तिथेच ठेवली.

मग तिला म्हणायला काय हवं होतं? मी शोधून ‘सेकंड नेचर’ सांगितलं : सवयीने इतकं अंगात मुरलेलं, की जणू दुसरा स्वभावच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे हात बसलाय. सरळ तसं म्हण ना!”

माझा काही शेवटपर्यंत बसला नाही. फिटिंग शॉपमधून सुटले, हे त्या कानशीचं नशीब.