आभासी रुग्ण आणि प्रश्नपरीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात 'योग्या' सांगितली आहे. छेदनाचा सराव कोहळ्या-भोपळ्यांवर, तर बंधनाचा सराव पुस्तमय पुरुषावर, म्हणजे माणसाच्या प्रतिकृतीवर करावा, असा तिचा विधी आहे. शिकाऊ वैद्याची पहिली चूक रुग्णाच्या देहावर होऊ नये, हे त्याचे मर्म. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा 'आभासी रुग्ण' ही त्याच योग्येची पुढची पायरी होय.

संगणकावरील हा रुग्ण विद्यार्थ्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तथापि विचारण्याआधीच त्याने सारी लक्षणे सांगून टाकली, तर प्रश्नपरीक्षा शिकणार कशी? भूम-परंड्याकडील रुग्ण 'छातीत जळजळतंय' एवढेच म्हणतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे नाव तो खोदून विचारल्याशिवाय काढीत नाही, आणि जळजळीचे मूळ अनेकदा तेथेच असते. औषधविक्रेत्या बंधूंना हे चांगलेच ठाऊक आहे.

म्हणून धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापकांनी व आपण चिकित्सकांनी, रुग्णांची संमती घेऊन व ओळख वगळून, आपल्या केसपेपरांवरून असे अबोल रुग्ण घडवावेत. निदान चुकल्यास कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, हे यंत्राने दाखवावे. नाडी व स्पर्श मात्र गुरूजवळच शिकावे लागतील.