राणीचे दागिने आणि सुनेचे स्त्रीधन

लग्नसराई जवळ आली की पेण व रोहा येथील सराफांच्या पेढ्यांवर गर्दी होऊ लागते. ठुशी, पाटल्या, मोहनमाळ, जे ज्याच्या ऐपतीत बसेल ते सुनेच्या अंगावर घालण्यात घराण्याची प्रतिष्ठा आहे, अशी आपली समजूत. परंतु अंगावर चढलेला दागिना त्या सुनेचा झाला काय, हा प्रश्न मांडवात कोणी विचारीत नाही; तो निघतो वैधव्यात, वाटणीत अथवा काडीमोडाच्या वेळी. हाच प्रश्न राजवाड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे, आणि तेथील इतिहास आमच्या व्यापारी बंधूंस उपयोगी पडेल असा आहे.

राजघराण्यांतील रीत अशी की, राणीचा मान तिच्या पदास असतो, व्यक्तीस नसतो. आपल्याच जिल्ह्यातील रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेव्हा महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून सोयराबाई बसल्या. तो मान सर्व राण्यांस सारखा नव्हता. इंग्लंडात हीच रीत अधिक काटेकोर आहे. १८४९ साली बाल महाराज दुलिपसिंग यांच्याकडून घेतलेला कोहिनूर १९०२, १९११ व १९३७ च्या अभिषेकांत राजपत्नीच्या मुकुटात होता. २०२३ साली राणी कॅमिला यांनी राणी मेरी यांचा मुकुट घातला, त्यात तो नव्हता. आणि राज्य करणारी राणीच असेल तर? १९५३ साली एलिझाबेथ राणीस अभिषेक झाला. पती फिलिप यांस मात्र अभिषेक नव्हता, त्यांनी गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. कोणी काय ल्यावे व ते कोणाच्या मालकीचे, हे तेथे आधीच ठरलेले असते.

आपल्याकडे मात्र दौलतीचे जवाहीर कोणते आणि राणीचे खासगी कोणते, ही रेषा बहुधा पुसटच राहिली. तिचे फळ राज्य बुडताना भोगावे लागले. वारस नाही म्हणून संस्थान खालसा होणे आपल्या किनाऱ्यासही अपरिचित नाही. कुलाब्याच्या आंग्र्यांचे राज्य १८४० साली असेच गेले. नागपुरास रघूजी भोसले (तिसरे) १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. कंपनी सरकारने राज्य घेतले, आणि राजवाड्यातील हत्ती, घोडे, सामानसुमानही विक्रीस काढले. जवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास गेले. बांकाबाई आदी राण्यांच्या हरकतींचा उपयोग झाला नाही. झाशीचा न्याय तर याहून विलक्षण. गंगाधरराव त्याच वर्षी वारले. दत्तक दामोदरराव गादीस चालत नाहीत, पण राजाच्या खासगी संपत्तीस व जवाहिरास मात्र चालतात, असा निर्णय डलहौसीने दिला. गादी पुत्राची नाही आणि जवाहीर राणीचे नाही! लक्ष्मीबाईंच्या हाती दोन्हींपैकी काहीच उरले नाही.

रेषा पुसट असली की नुकसान एकाच बाजूचे होते असे नाही. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४३ साली सीतादेवींशी दुसरा विवाह केला. पुढे राजघराण्याचे अनेक अमूल्य अलंकार परदेशी गेले, आणि १९५१ साली भारत सरकारने महाराजांची मान्यता काढून घेतली. बडोद्याच्या प्रसिद्ध सातपदरी मोत्यांच्या कंठ्यातील मोत्यांचे दोन सर २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले.

उलट उदाहरण होळकरांचे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे १७३४ साली पेशव्यांकडून दौलतीहून निराळी खासगी जहागीर मिळाली. नाव स्त्रीचे, कागद स्वतंत्र. याच खासगीतून पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट व देवळे बांधली. त्यांना कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. फरक पडला तो कागदाने.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या पेढीवर पैशापैशाची कीर्द लिहिली जाते, त्याच पेढीच्या मालकाच्या घरी सुनेच्या दागिन्यांची एक ओळ लिहिलेली सापडत नाही. धंदा अडला की तिच्या पाटल्या गहाण पडतात, आणि सुटल्या तर तिजोरी सासूची. कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेची ती पूर्ण मालकीण ठरली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितले की, स्त्रीधन पत्नीचेच. पती त्याचा भागीदार नव्हे, आणि विश्वासाने ठेवावयास दिलेले परत न करणे हा फौजदारी गुन्हा होय. त्याच वर्षीच्या नियमांनी वधूस मिळालेल्या भेटींची यादी करण्यास सांगितले आहे: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि वधूवरांच्या सह्या. ही यादी वधूने स्वतःजवळ ठेवावयाची असते.

यादी मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा आक्षेप येईल. परंतु पावती दिल्याने कोणत्या सराफाचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध बिघडला? आम्ही तर म्हणतो, ती यादी मुलीच्या बापाने मागण्याची वेळच येऊ नये. ती वरपित्याने स्वतः पुढे करावी. सुनेच्या अंगावरील दागिना तिचा नसेल, तर तसे लग्नापूर्वी स्पष्ट सांगावे. तिचा असेल, तर लिहून द्यावे. येत्या हंगामात पेण-रोह्याच्या व्यापारी घरांनी ही वहिवाट सुरू केली, तर ती त्यांना खरी प्रतिष्ठा देईल.