पत्त्यावर ठरणारे हायस्कूल

अमेरिकेत मुलाने कोणत्या सरकारी हायस्कूलमध्ये जायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. देशात 13,000 हून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचे आपले शिक्षण मंडळ असते आणि मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये एकेका शाळेची हद्द रस्त्यागणिक आखलेली असते. फी नसते, टक्केवारी कोणी विचारत नाही. विजेचे बिल किंवा भाडेकरार मात्र दाखवावा लागतो. शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे महागड्या घरांच्या वस्तीतली शाळा सहसा सुस्थितीत असते. सॅन अँटोनिओच्या पालकांनी ही विषमता सर्वोच्च न्यायालयात नेली आणि 1973 मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने तेवढ्याच निसटत्या बहुमताने ठरवले, की शहरातल्या शाळांतला वर्णभेद मिटवण्यासाठी उपनगरांच्या डिस्ट्रिक्टना त्यांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यात ओढता येणार नाही. हद्द अशी पक्की झाल्यावर गरीब वस्तीतल्या मुलाला दुसरीकडे जाण्यासाठी उरला तो बदलीचा अर्ज. हा अर्ज हवाच, पण जागा कोणाला द्यायची हे शाळेने स्वतः ठरवायचे आणि जाण्यायेण्याचे पालकांनी बघायचे, अशी व्यवस्था असेल तर त्याचा फायदा ज्याला मुळात कमी गरज आहे त्यालाच होतो.

या अर्जाचे नियम राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की अनोळखी माणूस गोंधळून जावा. मिनेसोटाने 1988 मध्ये राज्यभर डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडण्याची मुभा दिली आणि या बाबतीत ते पहिले राज्य ठरले. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण बदलीसाठी मुलाला सोडणारा आणि घेणारा अशा दोन्ही डिस्ट्रिक्टची संमती लागते. नकार मिळाला तर काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे अपील करता येते. भाऊ-बहीण त्याच शाळेत असणे, आई-वडिलांची नोकरी त्या हद्दीत असणे, मुलाला शाळेत सतत छळ सोसावा लागणे, ही कारणे सहसा ऐकून घेतली जातात. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी पुढचे वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच संपते आणि ती चुकली की वर्ष गेले. खेळाडू मुलांची आणखी एक पंचाईत असते. कुटुंबाने खरोखर घर न बदलता शाळा बदलली, तर अनेक राज्यांच्या क्रीडा संघटना त्या मुलाला काही काळ शाळेच्या मुख्य संघातून खेळू देत नाहीत. ओहायोमध्ये तर बाहेरची मुले घ्यायची की नाही हे डिस्ट्रिक्टनेच ठरवायचे असते, आणि मोठ्या शहरांना लागून असलेल्या अनेक सधन उपनगरांनी दार बंदच ठेवले आहे. याच राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात एका आईने मुलींच्या प्रवेशासाठी शेजारच्या उपनगरात राहणाऱ्या आपल्या वडिलांचा पत्ता दिला. 2011 मध्ये कागदपत्रांत खोटी माहिती दिल्याबद्दल ती दोषी ठरली आणि तिला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे राज्यपालांनी तो गुन्हा सौम्य केला. सरकारी शाळेतली जागा चोरल्याचा आरोप आईवर यावा, यातच या हद्दीची किंमत कळते.

ती किंमत पैशांतही मोजली गेली आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समध्ये प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची घरे तपासली. वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. पण महागड्या हद्दीतली शाळा मुलाला खरोखर काही देते का? हे पाहण्याची संधी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराने दिली. न्यायालयाच्या आदेशाने तिथे अनेक वर्षे मुलांना बसने वेगवेगळ्या भागांतल्या शाळांत नेले जात होते. तो आदेश उठल्यावर 2002 मध्ये पालकांकडून शाळांचा पसंतीक्रम मागवण्यात आला आणि जिथे अर्ज जास्त आले तिथे सोडत निघाली. सोडतीमुळे संशोधकांची मोठी सोय होते, कारण लागलेली आणि न लागलेली मुले एरवी सारखीच असतात. डेव्हिड डेमिंग आणि सहकाऱ्यांना आढळले, की पहिल्या पसंतीचे हायस्कूल मिळालेल्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे आणि पदवी घेण्याचे प्रमाण वाढले. हा फायदा प्रामुख्याने मुलींना झाला. डेमिंग यांच्याच दुसऱ्या अभ्यासात गुन्हेगारीकडे वळण्याचा धोका सर्वात जास्त असलेल्या मुलांमध्ये पुढच्या वर्षांतले गुन्हे घटलेले दिसले. शिकागोचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे हायस्कूलच्या सोडतीत जिंकलेल्या मुलांचे गुण एकंदरीत वाढले नाहीत, मात्र त्यांना अटक होण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे नुसत्या शाळाबदलाने जादू होत नाही. शार्लटच्या अभ्यासाचाही निष्कर्ष हाच आहे, की आधीच्या शाळेपेक्षा नवी शाळा जितकी खरोखर चांगली, तितका फायदा जास्त.

अशा बदलीवरचा सर्वात भक्कम आक्षेप असा, की हुशार मुले आणि जागरूक पालक निघून गेले तर मागे राहिलेल्या शाळेचे काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि मिझुरीतल्या नॉर्मंडी या डिस्ट्रिक्टने ते सोसले आहे. राज्याची मान्यता गमावलेल्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना शेजारच्या मान्यताप्राप्त डिस्ट्रिक्टमध्ये जाण्याचा हक्क देणारा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्राह्य धरला आणि नॉर्मंडीच्या सुमारे 4,000 मुलांपैकी जवळपास 1,000 मुलांनी बाहेरची वाट धरली. अनेक मुले मिझुरी नदीपलीकडच्या फ्रान्सिस हॉवेल डिस्ट्रिक्टमध्ये गेली, कारण बसची सोय तिथवर होती. तिथल्या पालकांच्या सभेत गुन्हेगारीची भीती आणि धातुशोधक यंत्रांची मागणी ऐकू आली. इकडे या मुलांची फी आणि बसचा खर्च कायद्याने नॉर्मंडीच्याच माथी मारलेला होता. त्या डिस्ट्रिक्टची तिजोरी रिकामी होत गेली आणि 2014 मध्ये राज्याला तो डिस्ट्रिक्ट बरखास्त करून नव्या नावाने उभा करावा लागला. या प्रकरणातून अनेकांनी बदलीच वाईट असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. हजार कुटुंबे एका उन्हाळ्यात घराजवळची शाळा सोडायला तयार होतात, तेव्हा दोष त्यांच्या निवडीत शोधायचा नसतो. दोष होता तो सर्वात गरीब डिस्ट्रिक्टने श्रीमंत शेजाऱ्याचे बिल भरावे, या हिशेबात. तो खर्च राज्याने उचलला असता तर मागे राहिलेल्या 3,000 मुलांच्या वर्गांना एवढी कात्री लागली नसती.

बस देणे परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. पण बेघर मुलांना त्यांच्या मूळ शाळेतच राहण्याचा आणि तिथवर नेण्या-आणण्याची सोय मागण्याचा हक्क अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने दिलेला आहे, आणि मुलाचा मुक्काम दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये हलला तरी तो टिकतो. कायद्यात लिहिले की बस मिळते, असा याचा सरळ अर्थ. आधी सगळ्याच शाळा सुधारा, मग कोणी कुठे जाणारच नाही, असेही सांगितले जाते. बोलणे रास्त आहे, पण नववीतल्या मुलाकडे चारच वर्षे असतात. या आक्षेपांच्या मुळाशी असलेला, जवळ शाळा आहे म्हणजे पुरेसे आहे, हा युक्तिवाद महाराष्ट्रानेही ऐकला आहे. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागांतून सूट देणारी राज्य सरकारची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केली.

उरतो तो घरमालकांचा राग: आम्ही शाळेसाठी जास्त पैसे मोजून घर घेतले, मग बाहेरच्यांना फुकट का? न्यू जर्सीत किंवा बे एरियात शाळा पाहून घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न जवळचा वाटेल. परंतु त्यांनी विकत घेतले ते घर. शाळा राज्याच्या घटनेने सर्व मुलांना देऊ केलेली आहे आणि तिच्यासाठी राज्याच्या तिजोरीतूनही पैसा येतो. हद्दीतल्या मुलांचे प्रवेश झाल्यावर उरलेल्या जागा सोडतीने द्याव्यात, गुण किंवा शिस्तीचा इतिहास पाहून निवड करू नये आणि बसचा खर्च राज्याने द्यावा, एवढे केले तर कोणाचेच काही हिरावले जात नाही. तिथली शिक्षण मंडळे बहुतेक ठिकाणी निवडून येतात, त्यांच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात आणि बाहेरच्या किती मुलांना जागा द्यायची हे अनेक राज्यांत तिथेच ठरते. चांगल्या हद्दीत घर घेतलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या मराठी पालकांनी त्या सभेला जावे, आणि हद्दीबाहेरच्या मुलांच्या बाजूने मत द्यावे.