उलट्या, पोटदुखी, धाप: मुलाला इन्फेक्शन झालंय की शुगर वाढलीय?

कधीकधी दोन्ही! इन्सुलिन कमी पडलं की रक्तात आम्ल साचतं, त्याला डीकेए म्हणतात. इन्फेक्शनमुळे तो सुरू होऊ शकतो. गोची अशी की डीकेएत पांढऱ्या पेशी इन्फेक्शन नसतानाही वाढतात आणि इन्फेक्शन असूनही ताप नसू शकतो. आम्ल वाढलं की रक्तात लोह सुटं होतं, त्यावर काळी बुरशी पोसते. 2021मध्ये मुंबईत तिच्यामुळे डोळा गमावलेल्या मुलांमध्ये 14 वर्षांची मधुमेही मुलगी होती.

अंबरनाथ-बदलापूरकरांनो, उलट्यांसोबत खूप तहान, सारखी लघवी असेल तर आधी बोटातून शुगर तपासा. जास्त निघाली, तर रात्र असली तरी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारखं मोठं रुग्णालय गाठा. मधुमेही मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नका.